सुट्टी बुडालेला रविवार

२६ जानेवारी रविवारी आला की ‘एक सुट्टी बुडाली’ म्हणून नोकरदार हळहळतात. गंमत अशी, की ही तारीख मुळात रविवारचीच. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि प्रतिज्ञेसाठी जानेवारीतला शेवटचा रविवार नेमला गेला. तो निघाला २६ जानेवारी १९३०. कामकरी माणसालाही सभेला येता येईल असा वार. त्या दिवशी सूतकताई, अस्पृश्यसेवा, दारूबंदी असं काहीतरी विधायक करा, असं गांधीजींचं सांगणं होतं. म्हणजे मोकळा वेळ होता, पण तो कामाला लावायचा होता.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पनवेलजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात आठ गावकरी हुतात्मा झाले. त्यांतला एक नवश्या महादेव कातकरी. प्रतिज्ञा गावकुसापर्यंत किती पोहोचली होती, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुढे राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली, पण प्रजासत्ताकासाठी मुद्दाम २६ जानेवारीची वाट पाहिली. मग ती शासकीय सुट्टी झाली. आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या, हुंड्या-धनादेशांच्या कायद्याखाली! हळूहळू झेंडावंदन सकाळी आटपायचं आणि दुपारी अलिबाग गाठायचं, हा रिवाज पडला. रविवारला जोडून सुट्टी आली की पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर गाड्यांची रांग लागते. गोव्याच्या वाटेवर पुढेच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. काचा खाली करायलाही कुणाला सवड नसते.

२०२५ पासून राज्य सरकारने शाळांना २६ जानेवारीला दिवसभर देशभक्तीपर कार्यक्रम घ्यायला सांगितले. हेतू चांगला, उपाय अर्धवट. निबंध, चित्रकला, समूहगीत यांनी मुलं दमतात. नागरिक होतातच असं नाही.

सुट्टीचा प्रश्न कोर्टातही जाऊन आला. सार्वजनिक सुट्टी हा मूलभूत हक्क नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेनिमित्त दिलेल्या २२ जानेवारीच्या सुट्टीला आव्हान दिलं, तेव्हाही सुट्टी ही शासनाच्या धोरणाची बाब मानून याचिका फेटाळली गेली. म्हणजे दाद मागायची ती लोकप्रतिनिधींकडेच.

मागायचं काय? खेड्यात २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. कोरम होवो न होवो, घरकुलाची यादी, पाण्याचा टँकर, गायरान यांवर सरपंचाला तोंडावर विचारता येतं. तिथे प्रजासत्ताक अजून धडधाकट आहे, भांडतंय. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली आणि तिच्यात आलेल्या गावांची ही सभा गेली. महापालिका कायद्यात मतदारांच्या अशाच क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांत तिचं नाव तरी कुणी ऐकलंय का?

पनवेलच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी एवढाच अर्ज लिहावा: २६ जानेवारीला प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा सक्तीची करा, नगरसेवकाने हिशेब वाचावा आणि विद्यार्थ्यांना ऐकायला बसू द्यावं. विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. स्थानिक आमदाराला गाठा, अर्ज त्याच्यामार्फत तिथे पाठवा आणि पोच मागून घ्या.