एका गटासाठी चार कज्जे

पुढे ये आणि सरळ उत्तर दे. जमिनीचा गट एक, भांडण दोन भावांचं, मग चार ठिकाणी कागद कशासाठी टाकलेस? तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावलास. तिथे तूर्तातूर्त मनाई मिळाली नाही, तर लगेच पक्षकाराच्या बायकोला पुढे करून मनाईचा दुसरा दावा. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील. त्याचा निकाल लागायच्या आतच हायकोर्टात रिट! आणि त्या रिटमध्ये शपथेवर काय लिहिलंस? या विषयाची दुसरी कोणतीही कार्यवाही कुठेही प्रलंबित नाही. खाली सही कोणाची? त्या शेतकऱ्याची. खोटं तू रचलंस आणि गुंतवलंस त्याला. मला सगळ्यात जास्त राग याचा आला आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १० तुला वर्गात शिकवलं होतं. तोच वाद आधीच्या दाव्यात असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी पुढे चालत नाही. बायको वेगळी पक्षकार आहे, हे मला सांगू नकोस. ती हक्क सांगते तो नवऱ्याच्याच हिश्शावर ना? कलमाची भाषा पुन्हा वाच, ही पळवाट तिथे आधीच बुजवलेली आहे.

फेरफाराचं अपील तेवढं वेगळं, हे मान्य. १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे ते प्रांताकडेच जायचं. पण फेरफाराच्या नोंदीनं कोणी मालक होत नाही, मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं, हे त्या माणसाला कधी समजावून सांगितलंस का? तो बिचारा समजतो, प्रांतानं नाव लावलं की रान आपलं झालं.

लपवाछपवीचं फळ काय असतं, ते चेंगलवराय नायडू खटल्यात बघ. जगन्नाथ नावाच्या माणसानं कोर्टाच्या लिलावात मालमत्ता घेतली ती आपल्या मालकासाठी, आणि तिच्यावरचा हक्क मालकाच्या नावे सोडल्याचा दस्तही लिहून दिला. पुढे तोच दस्त दडवून त्यानं वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा मिळवला. खरी हकीकत मांडायची कायदेशीर जबाबदारी वादीवर नाही, असं हायकोर्ट म्हणालं. सुप्रीम कोर्टात न्या. कुलदीप सिंग आणि न्या. पी. बी. सावंत यांनी १९९३ मध्ये ते साफ खोडून काढलं. फसवणुकीनं मिळवलेला हुकूमनामा मुळातच रद्दबातल, आणि खोट्या आधारावर आलेल्याला कोर्टातून कधीही बाहेर काढता येतं. एक दस्त दडवला तर ही गत. तू तीन कार्यवाह्या दडवल्यास.

पक्षकारानंच आग्रह धरला, ही सबबही चालणार नाही. हरलेल्या भाडेकरूनं मुलाला पुढे करून पुन्हा दावा लावला, त्या १९७७ च्या अरिवंदंदम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी वकिलांनाच बजावलं होतं की, असली प्रकरणं तुमच्या टेबलावरच अडवा. पक्षकार अडला की चारही दारं ठोठावणारच. कोणतं दार त्याचं, हे सांगायला तुझी सनद आहे.

तुला वाटतं, चार ठिकाणी फाइल फिरली की समोरचा थकतो. आधी थकतो तो तुझा माणूस. चार तारखा, चार ठिकाणची फी, एसटीचे हेलपाटे, बुडालेली मजुरी. आणि वाटपाचा दावा मात्र जागचा हलत नाही, कारण प्रत्येक वेळी तूच उठून सांगतोस, दुसरीकडे प्रकरण चालू आहे, तारीख द्या. बरं, वाटपाचा हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचे सरस-निरस बघून हिस्से पाडायला कलम ५४ प्रमाणे कागद कलेक्टरकडे जाणार. तिथे आणखी वेळ जाणार आहेच. आहेत ती वर्षं तू कशाला वाया घालवतोस?

आता मुकाट्यानं ऐक. हायकोर्टात नवं प्रतिज्ञापत्र दे, सगळी प्रकरणं त्यांच्या क्रमांकांसह लिही, माफी माग आणि रिट मागे घे. बायकोच्या नावचा दावा काढून घे, पण आदेश २३ नियम १ वाचल्याशिवाय अर्जाला हात लावू नकोस. मुभा न मागता दावा काढलास, तर त्याच कारणावर तिला पुन्हा दावा लावता येणार नाही. मग वाटपाच्या दाव्यात पुरावा सुरू कर. पुढच्या तारखेला मुदत मागायची नाही.