भाडे न देणारे ओझे

जहाजावर दोन तऱ्हेचे वजन असते. एक मालाचे, त्याचे भाडे मिळते आणि त्यासाठीच जहाज बंदर सोडते. दुसरे बॅलास्टचे. दगड, वाळू, लोखंडाचे ठोकळे किंवा नुसते समुद्राचे पाणी. हे वजन कुणाला पोहोचवायचे नसते आणि त्यापोटी कुणी दमडीही मोजत नाही. जहाज उभे राहावे एवढ्यासाठीच ते तळाशी पडून असते. जहाजांचा इतिहास शिडांचा, इंजिनांचा, नव्या खंडांचा म्हणून आपण वाचतो. मला तो या दोन वजनांतल्या भांडणाचा इतिहास वाटतो, आणि त्या भांडणाने हजारो माणसांचे प्राण घेतले आहेत.

तळ जड असला की गलबत कमी डगमगते, हे दर्यावर जाणाऱ्याला फार पूर्वीपासून माहीत होते. न्यूकॅसलहून लंडनला कोळसा नेणारी जहाजे परतताना रिकामी असत. तशीच निघाली तर वाऱ्याच्या एका झोताने आडवी होतील, म्हणून टेम्स नदीतली वाळू आणि खडी तळाशी भरून ती माघारी येत. टाइन नदीच्या काठी ही खडी उतरवून उतरवून तिच्या टेकड्या उभ्या राहिल्या. टेम्समधली खडी जहाजांना पुरवण्याचा हक्क 1594 मध्ये ट्रिनिटी हाऊस या संस्थेला मिळाला, इतका तो व्यवहार नित्याचा होता. मात्र खडी किती भरायची हे कप्तानाच्या अंदाजावर चाले. जुन्या घाटाच्या जहाजाला जुना अंदाज पुरत असे. घाट बदलला की तो फसे.

स्टॉकहोमच्या बंदरातून 10 ऑगस्ट 1628 रोजी ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्यांदाच निघाली आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन बुडाली. तिच्यावर 64 तोफा होत्या, त्यांतल्या बहुतेक जड तोफा दोन मजल्यांवर मांडलेल्या. तळाशी सुमारे 120 टन दगड होते, पण वरच्या भाराला ते पुरे पडत नव्हते. त्यात आणखी दगड घातले असते तर जहाज अधिक खोल बसून तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकायला आल्या असत्या. म्हणजे दगड वाढवून सुटेल असा हा दोष नव्हताच. आणि तो आधी दिसलाही होता. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर तीस खलाशांना या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिले, तेव्हा तीन फेऱ्यांतच जहाज इतके झुलू लागले की चाचणी थांबवावी लागली. नौदलाचा अधिकारी क्लास फ्लेमिंग तिथे हजर होता. स्वीडनच्या राजाला जहाज लवकर हवे होते, म्हणून ते निघाले. वाऱ्याच्या झोताने ते कलले, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि सुमारे तीस माणसे बुडाली. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

डोळ्यांना दिसलेली गोष्ट राजाच्या घाईपुढे टिकली नाही, याचे एक कारण असे की ती मोजता येत नव्हती. ते मोजमाप पियेर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने दिले. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी फ्रान्सने दक्षिण अमेरिकेत पाठवलेल्या मोहिमेत तो अनेक वर्षे होता आणि जहाजावरच्या ग्रंथाचे बरेचसे काम त्याने तिथेच केले. तो ग्रंथ 1746 मध्ये छापला गेला. जहाज कलले की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो, आणि पाण्याचा वरचा रेटा जिथून लागतो तो बिंदू कललेल्या बाजूकडे सरकतो. त्या बिंदूतून सरळ वर काढलेली रेघ जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो मेटासेंटर. जहाजाचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर जहाज पुन्हा उठते, वर असेल तर उलटते. इथे विचार बदलला. वजन किती, या प्रश्नाबरोबर ते कुठे आहे आणि जहाजाची रुंदी किती, हे प्रश्न आले. तळाशी गरजेहून जास्त भार असला की जहाज झटक्याने सरळ होते आणि ते हिसके डोलकाठ्यांना सोसत नाहीत, हेही हिशेबात बसले. माहीत असलेले वजन डेकवरून आडवे सरकवायचे, जहाज किती अंशांनी कलते ते पाहायचे आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा, ही चाचणी आजही मोठ्या जहाजांची होते. तीस खलाशांच्या धावण्याला अखेर गणित मिळाले.

गणित मिळाल्याने भांडण मिटले, असे मात्र झाले नाही. ब्रिटिश नौदलाची ‘कॅप्टन’ ही नौका 7 सप्टेंबर 1870 रोजी मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेरे टोकाजवळ उलटली आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसे गेली. जहाजाची कल्पना काउपर कोल्स या अधिकाऱ्याची. तोही तिच्यावरच होता. पाण्यावर राहणारी बाजू ठरल्यापेक्षा कमी भरली होती आणि वर शिडांचा प्रचंड भार होता. नौदलाचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड आधीपासून विरोध करत होता. कलण्याची चाचणी झालीही, पण तिचा हिशेब पुरा होईपर्यंत जहाज समुद्रात गेलेले होते. पार्लमेंटमधून आणि इतर मार्गांनी व्यक्त झालेल्या लोकमतापुढे झुकून जहाज बांधले गेले, असे लष्करी न्यायालयाने नोंदवले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण दोष कुठे आहे हे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

व्यापारी जहाजांवर हे भांडण थेट पैशाचे होते. जास्त माल भरा, जास्त भाडे मिळवा. बुडालेच तर विमा आहे. खलाशी अशा जहाजांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. डर्बीचा खासदार सॅम्युअल प्लिमसोल याने 1873 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. जुलै 1875 मध्ये सरकारने व्यापारी जहाजांविषयीचे विधेयक बाजूला टाकताच तो भर सभागृहात संतापाने ओरडला आणि सबंध देश त्याच्या मागे उभा राहिला. पुढच्या वर्षी कायदा झाला: जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवा, ती पाण्याखाली जाता कामा नये. पण रेषा कुठे काढायची हे ठरवणार जहाजाचा मालकच! ज्याला मालाचे भाडे मिळते त्याच्याच हाती ब्रश. हा विनोद 1890 पर्यंत चालला. मग रेषेची जागा कायद्याने ठरू लागली आणि 1930 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय करार मिळाला. गणिताहून मोठी गोष्ट इथे घडली, असे माझे मत आहे. किती भरायचे हे ठरवण्याचा अधिकार कमाई करणाऱ्याच्या हातून निघाला.

दगडांची जागा पाण्याने घेतली, ती साधारण 1852 च्या ‘जॉन बोज’ या लोखंडी कोळसावाहू जहाजापासून. पाणी पंपाने भरता येते, पंपाने काढता येते; सोय मोठी. त्या पाण्यातून एका समुद्राचे जीव दुसऱ्यात गेले, तो निराळा मोठा विषय आहे. त्याविषयीचा करार 2004 मध्ये झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. इथे सांगायचे ते त्या सोयीची दुसरी बाजू. दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ ही फेरीबोट 16 एप्रिल 2014 रोजी उलटली आणि 304 जण गेले, त्यांत बहुतेक सहलीला निघालेली शाळेची मुले होती. वरच्या मजल्यांवर खोल्या वाढवलेल्या, परवानगीच्या दुपटीहून अधिक माल, तोही नीट न बांधलेला. एवढे भरूनही भाररेषा पाण्यावर दिसत होती, कारण बॅलास्टचे पाणी हवे त्याच्या जेमतेम निम्मे ठेवले होते. प्लिमसोलची रेषा वजन मोजते; ते वजन तळाशी आहे की वरच्या मजल्यावर, हे तिला दिसत नाही. भाडे न देणारे ओझे काढून भाडे देणारे ओझे चढवले आणि रेषा पाहणाऱ्याला सारे ठीक दिसले.

सर्वांत अवघड वजन माणसांचे, कारण ते आपणहून हलते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 रोजी काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्र, लाटेचे पाणी आत आले, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले. स्टॉकहोमच्या धक्क्यावर तीस खलाशांकडून मुद्दाम करवून घेतलेली धाव इथे शेकडोंनी जिवाच्या भीतीने घेतली. कोकणात अशी कितीतरी गावे आहेत, जिथल्या घरांत ही तारीख अजून निघते.

आपल्या खाड्यांत आणि मुंबई बंदरात आजही रोज लाँच सुटतात. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रेटारेटी होते, आणि वरच्या डेकवर हवा लागते म्हणून आपण सगळे तिथेच चढतो. लाँचवर उतारूंची मर्यादा लिहिलेली असायला हवी. ती वाचा, माणसे जास्त दिसली तर पुढच्या लाँचने जा, आणि तांडेलाने खाली बसायला सांगितले तर वाद न घालता खाली बसा.