घासावे, पण किती?

मोटारीच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. कारागीर त्याला क्लिअर कोट म्हणतात. सारी झळाळी त्याची, आणि ऊन अंगावर घेऊन खालचा रंग राखतो तोही हाच. पण जाडी केवढी? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. म्हणजे बहुधा केसाहूनही बारीक!

या लेपात धुळीचा कण बसतो, ओघळ येतो, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहतो. तो काढायचा तर २००० नंबरचा वॉटर पेपर सपाट ठोकळ्याला लावून, पाणी सोडीत, हलक्या हाताने घासावे. मग ३००० नंबर, शेवटी कंपाउंड आणि पॉलिश. पाणी दुधाळ निघते तोवर ठीक. त्यात गाडीचा रंग उतरला, की लेप संपला म्हणून समजा!

बरे, चरा दिसला की घासायला बसावे काय? नाही बाबांनो. आधी नख फिरवून पाहा. नख अडकले तर चरा खोल आहे. त्याचा तळ गाठू जाल, तर भोवतीचा लेपही गमवाल. कडांना तर फार जपावे, तेथे थर विरळ असतो. आणि पापुद्रेच सुटले असतील तर पॉलिश काय करील? तो सबंध भाग घासून नवा लेपच फवारला पाहिजे. तो फवारा छातीला घातक. तेथे नुसते फडके बांधून भागत नाही, योग्य मुखवटा हवा.

तात्पर्य, दोष काढताना राखणाराही झिजतो. म्हणून दोष जेवढा, तेवढेच घासावे. बारीकसा डाग उरला तर उरू द्यावा. रंग तर वाचला!