कातळाचीही माती होते



या रविवारच्या शुभवर्तमानात पेरणाऱ्याचा दाखला आहे, आणि तो ऐन लावणीच्या दिवसांत आपल्या कानी पडत आहे. काही बी खडकाळ जमिनीवर पडले. माती थोडी, म्हणून ते लवकर उगवले आणि ऊन चढताच करपले. कणकवलीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. पावसात हिरवागार होणारा सडा दिवाळीनंतर कसा दिसतो, ते आपण दरवर्षी पाहतो.

मात्र हा दाखला ऐकताना आपण मनातल्या मनात माणसांची वाटणी करतो. ‘तो? तो कातळच! त्याला सांगून उपयोग नाही.’ सातबाऱ्यावरच्या नावावरून, हातभर बांधावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात आणि शांतीची खूण देताना एकमेकांकडे पाहतही नाहीत. दगड तो दगडच, असे आपण ठरवून टाकतो.

पण दगड कायम दगडच राहतो का? फोंडा घाटाकडे पाहा. सह्याद्रीचा हा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून झाला. प्रभूने हा दाखला ज्या सरोवराकाठी सांगितला, तिथल्या कफर्णहूमची घरेही अशाच काळ्या दगडाची होती. इतका कठीण दगडही उन्हाने तापतो, पावसाने निवतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि खडकातली खनिजे हळूहळू विरघळवते. दगडफूल चिकटते, शेवाळ धरते, भेगेत मूळ शिरते, पाने कुजतात. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. एखाद्या दिवशी जाऊन पाहिले, तर काहीच घडताना दिसत नाही.

आपला जांभा मात्र याची दुसरी बाजू सांगतो. मुसळधार पावसाने खडकातली सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, म्हणून तो तांबडा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. डोंगरावरचे रान तोडले, वरची माती वाहून गेली, की आतला तांबडा थर उघडा पडतो आणि त्याचाही असाच कातळ बनतो.

माणसाचे मनही असेच नाही का? कोणी कठोर जन्मत नाही. अपमानाने, फसवणुकीने, एकटे पाडल्याने वरचे आच्छादन जाते आणि आतले मऊपण सुकते. म्हणून ज्याला आपण कातळ म्हणतो, त्याच्याविषयी आधी एवढे विचारू या: याच्यावरचे आच्छादन कोणी काढले? त्यात आपलाही हात होता का?

देवगडच्या बागायतदारांनी कातळात सुरुंगाने खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली आणि तिथे हापूस उभा केला. ती माती कातळाने मागितली नव्हती. देवाची कृपाही अशीच न मागता येते, आणि पुष्कळदा ती शेजाऱ्याच्या डोक्यावरच्या टोपलीतून येते.

आपल्या बोलीत ‘माती झाली’ म्हणजे वाया गेले. पवित्र शास्त्र मात्र मातीपासूनच मानवाची सुरुवात सांगते. हिब्रूमध्ये ‘आदाम’ आणि ‘अदामा’, म्हणजे जमीन, हे शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत. लॅटिनमध्ये नम्रतेचा शब्दही मातीच्या शब्दाशी जोडलेला आहे. दगडाने आपला ताठा सोडला, तरच त्यात बी रुजते.

या आठवड्यात आपण एक टोपली वाहू या. ज्या घराशी बोलणे नाही, तिथे लावणीला एक दिवस हात लावायला जाऊ या. कदाचित दार उघडणार नाही. पहिल्या पावसाने दगडाची माती होत नाही. पण दाखल्यातल्या पेरणाऱ्याची मूठ खडकाळ जागेवरही उघडली होती, हे विसरू नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.