आपापली पात

ऑस्ट्रेलियात एखाद्याचं बोलणं खरं आहे ना, हे विचारायचं झालं तर माणसं म्हणतात, 'फेअर डिंकम?' सांगणाराही तेच दोन शब्द परत म्हणून खात्री देतो. आपण 'आईशप्पथ' म्हणतो ना, तसंच.

या शब्दाची एक झकास गोष्ट सांगतात. १८५१नंतर तिथं सोनं सापडू लागलं, चिनी मजूर आले, आणि त्यांच्या बोलीतल्या 'खरं सोनं' या अर्थाच्या शब्दाचा 'डिंकम' झाला. ऐकायला गोड आहे, पण अभ्यासक ती मानत नाहीत. खरेपणाच्या शब्दालाच खोटी जन्मकथा चिकटावी, ही गंमतच!

मूळ निघालं इंग्लंडातल्या बोलींत. डर्बीशायर, लिंकनशायरकडं 'डिंकम' म्हणजे काम, वाट्याला आलेलं काम. 'फेअर डिंकम' म्हणजे रास्त वाटणी, सरळ व्यवहार. रोल्फ बोल्ड्रवूड यांच्या 'रॉबरी अंडर आर्म्स' या कादंबरीतही हा शब्द कष्टाच्या कामासाठीच आला आहे. पुढं काम गळालं आणि खरेपणा तेवढा उरला.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्या रानात भांगलायला बायका बसल्या की प्रत्येकीची एक पात असायची. एखादी वरवर खुरपं फिरवून पुढं सरकायची, गवताची मुळी तशीच. आजी म्हणायची, "त्वांडानं कधी खोटं बोलायची न्हाई ती, पर तिचं खुरपं बोलतंय की!" अशा माणसाला आपण 'अंगचोर' म्हणतो. हाताशी काम असताना अंग राखून ठेवणं ही मराठीत चोरीच आहे.

पण चोरी नेमकी कुणाची? शेजारच्या पातीवरच्या बाईची, हे नक्की. तिला दुसरीचं उरलेलं काढावं लागतं. मालकाचीही म्हणावी, तर मग हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. त्याच उन्हात गड्याला पुरी मजुरी आणि बाईला कमी, असं गावोगाव चालत आलं. कामात 'रास्त' शोधणाऱ्यानं ते दामातही शोधायला नको का? बांधावर उभं राहून दुसरीला अंगचोर म्हणणं सोपं असतं.

तोंडानं खरं बोलायला फारसं लागत नाही. आपल्या वाट्याचं पुरं करायचं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं पुरं द्यायचं, यात मात्र रोज घाम जातो. डिंकम म्हणजे काम, हे त्या खेडूतांनी उगीच म्हटलं नसावं.