न हुंगलेले फूल

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारात पहाटे मोगऱ्याच्या राशी उतरतात. देवासाठी हार घेणारा तो डोळ्यांनी पारखतो, नाकाशी नेत नाही. हुंगलेले फूल उष्टे आणि उष्टे देवाला वाहू नये, हा संकेत कानडी घरात आणि मराठी घरात सारखाच पाळला जातो. अर्पण करावयाची वस्तू अर्पण करणाऱ्याने आधी भोगू नये, हा त्यामागील विचार.

प्राचीन इजिप्तची पुष्परचना नेमक्या उलट श्रद्धेवर उभी होती. थीब्जच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत मेजवानीचे पाहुणे निळे कमळ नाकाशी धरून बसलेले दिसतात. मृतालाही तेच हुंगावयास दिलेले असते. (ते वस्तुतः कुमुदाच्या जातीचे, आपले कमळ तिकडे पोचले ते फार उशिरा, इराणी अमलाच्या सुमारास.) जीवन आणि पुष्पगुच्छ या दोहोंना त्या भाषेत 'अंख' हा एकच शब्द होता. रचना मात्र शिस्तीची: पपायरसच्या पट्टीवर दुमडलेली पाने, त्यांत अडकवलेल्या पाकळ्या, ओळीमागून ओळ शिवलेली. केळीच्या सोपटात हार गुंफणाऱ्या बोटांना ती परकी वाटू नये.

1924 साली तूतनखामेनच्या दगडी शवपेटीचे झाकण उचलले गेले, तेव्हा आतील सोनेरी पेटीच्या कपाळावर एक लहानसा हार होता. फुलांचा रंग किंचित उरला होता. हॉवर्ड कार्टरला त्या साऱ्या राजवैभवापेक्षा तो हारच अधिक सुंदर वाटला. पेट्यांवरील फुलाफळांवरून दफन मार्च-एप्रिलच्या सुमारास झाले असावे, असा तर्क पुढे केला गेला.

आपल्या संकेताने पाहिले, तर याहून शुद्ध फूल नाही. तीन हजारांहून अधिक वर्षे कोणा जिवंत माणसाने त्याचा वास घेतला नाही. इजिप्तच्या श्रद्धेने पाहिले, तर ते ज्याच्यासाठी होते त्याने तो घेतला की नाही, एवढाच प्रश्न. पण नाकच नसलेल्या काळोखात सुगंध हा सुगंध राहतो काय? शुद्धता पूर्ण झाली आणि फूल केवळ वस्तू झाले, असेच म्हणावे लागते.

त्याच ऋतूत, चैत्री पौर्णिमेच्या रात्री, बंगळूरच्या धर्मरायस्वामी मंदिरातून करग निघतो. पिढ्यान्‌पिढ्या बागाईत करणाऱ्या तिगळ समाजाचा हा उत्सव. मोगऱ्याने मढवलेला उंच करग पुजारी मस्तकी घेऊन पेठांतून फिरतो, तवक्कल मस्तान दर्ग्यापाशीही थांबतो. मोगरा देवीचा, वास मात्र साऱ्या गल्लीला येतो. हजारोंनी श्वास घेतला म्हणून कोणी त्याला उष्टा म्हणत नाही. मग दोष वास घेण्यात नसून फूल एकट्याच्या नाकाशी ओढण्यात असावा.

पहाटे भक्तांनी उधळलेला मोगरा रस्त्यावर तुडवलेला असतो. झाडणाऱ्यालाही तो वास येतोच.