रंग आणि एक ‘पण’

लग्नाची बोलणी निघाली की एक वाक्य हमखास कानी पडते : “मुलगी सावळी आहे, पण स्वभावाने चांगली आहे.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरी त्या ‘पण’चा आपण कधी विचार केला आहे काय? सावळेपणा हा दोष आणि चांगला स्वभाव ही त्याची भरपाई, असा निवाडा त्या दोन अक्षरांत होऊन जातो.

आमच्या इंदूरच्या पलासिया भागातील कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे केलेले पुतळे पाहा. बहुतेक गोरेपान! वस्त्र विकणारा सुंदर कोण हेही ठरवू लागतो.

अमेरिकेतही हेच होते. नेओमी सिम्स ही कृष्णवर्णीय तरुणी न्यूयॉर्कमध्ये मॉडेलचे काम मागू लागली, तेव्हा काम मिळवून देणाऱ्या संस्थांनी तिला परत पाठवले. रंग फार काळा, असेही कोणी म्हणाले. ती थेट एका छायाचित्रकाराकडे गेली आणि १९६७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर झळकली. तरीही संस्था पुढे येईनात. मग तिने पुरवणीच्या प्रती जाहिरात कंपन्यांना पाठवल्या आणि सोबत विल्हेल्मिना कूपर यांच्या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक दिला. कामांची रीघ लागली. पुढे १९७४ च्या ऑगस्टमध्ये बेव्हर्ली जॉन्सन ही अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर येणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

नकार मिळाला तेव्हा आणि होकार मिळाला तेव्हा सिम्सचा चेहरा तोच होता. मग उणीव कोठे होती? पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, असेच आम्हाला वाटते.

आपल्या देशात १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. १९९२ साली मधू सप्रे ही सावळी मराठी मुलगी विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली, तरी गोरेपणाची ही मलमे खपतच राहिली. २०२० मध्ये त्या मलमाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द गेला. घराघरांतला ‘पण’ मात्र गेला नाही.

कोणी म्हणेल, फॅशन ही जगाची व्यर्थता. मंडळीला तिच्याशी काय कर्तव्य? बाजाराने पसंत केल्याने कोणाची किंमत वाढत नाही, हे खरेच. पण मग बाजाराने नाकारल्याने ती कमीही होऊ नये! गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात वधू आपला काळा वर्ण आणि आपले सौंदर्य एकाच दमात सांगते. त्या दोहोंना जोडणारे हिब्रू अव्यय ‘पण’ असे वाचता येते, तसेच ‘आणि’ असेही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी ‘पण’ घेतला. १९८९ च्या एका सुधारित इंग्रजी भाषांतराने ‘आणि’ घेतला. मूळ शब्द तोच, वाचणारे बदलले. गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी बायकोवरून मिर्याम कुरकुरली, तेव्हा कोडाने पांढरी झाली ती मिर्यामच, हेही ध्यानात ठेवावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. नाताळच्या नाटिकेत देवदूत व्हायला दर वर्षी कोणाला निवडले जाते, ते पाहा. वर्गात वॉर्नर सॉलमन यांनी १९४० साली काढलेले ख्रिस्ताचे चित्र लावलेले असेल, तर मुलांना सांगा की ही एका अमेरिकन चित्रकाराची कल्पना आहे. प्रभू पॅलेस्टाईनच्या उन्हात वाढला. आणि पुढच्या वेळी स्थळ सुचवताना म्हणून पाहा : “मुलगी सावळी आहे आणि चांगली आहे.” ‘आणि’लाही अक्षरे दोनच लागतात.